राजीनामा सगळ्यात शेवटी: नोकरीतून स्वतःच्या कामाकडे जाण्याचा क्रम

बहुतेक जण हा प्रवास उलट्या क्रमाने करतात. साहेबांशी खटका उडतो, त्या भरात राजीनामा जातो. पुढचे काही आठवडे सुट्टीसारखे मजेत जातात. मग लोगो आणि व्हिजिटिंग कार्ड होतं, त्यानंतर काम कुठून आणायचं हा प्रश्न पडतो आणि हिशेबाची वही उघडायची वेळ येते तेव्हा बँकेतली शिल्लक निम्म्यावर आलेली असते. खालचा क्रम याच्या बरोबर विरुद्ध आहे. वही आधी, पहिला ग्राहक त्यानंतर, राजीनामा जवळजवळ शेवटी. लोगोचं काय करायचं ते तुम्ही ठरवा.

हा लेख कौशल्य विकणाऱ्यांसाठी आहे: हिशेबनीस, डिझायनर, प्रोग्रॅमर, अनुवादक, प्रशिक्षक, सल्लागार, तंत्रज्ञ. दुकान किंवा कारखाना काढायचा असेल तर भांडवल, माल आणि जागेची गणितं वेगळी असतात, ती इथे नाहीत.

नोकरी नको, की ही नोकरी नको?

यावर फार वेळ घालवायची गरज नाही, पण प्रश्न टाळूही नका. त्रास वरिष्ठांचा, लांबच्या प्रवासाचा किंवा अडलेल्या बढतीचा असेल, तर त्यावरचं औषध बहुधा दुसरी नोकरी हेच असतं. स्वतःच्या कामात वरिष्ठ नसतात, पण ग्राहक असतात आणि तेही रविवारी फोन करतात.

एक साधी कसोटी लावून पाहा. आपल्या कौशल्याचं काम आठवड्याच्या साधारण साठ टक्केच असणार आहे. उरलेल्या चाळीस टक्क्यांत काम शोधणं, कोटेशन देणं, नकार पचवणं, बिल पाठवणं, पैशांसाठी तीन वेळा आठवण करणं आणि बंद पडलेला लॅपटॉप स्वतः दुरुस्तीला नेणं येतं. हा चाळीस टक्क्यांचा भाग आवडला नाही तरी चालेल, पण तो करायची तयारी आहे का? उत्तर ठाम 'नाही' असेल, तर भागीदार शोधा किंवा नोकरीच बदला.

काय विकणार, ते एका वाक्यात

नोकरीत पदनाम असतं. बाहेर पडल्यावर पदनामाला कुणी विचारत नाही, लोक अडचण घेऊन येतात. 'मी पंधरा वर्षं अकाउंट्समध्ये आहे' या वाक्यावरून समोरच्याला आपण याला कशाचे पैसे द्यायचे ते कळत नाही. 'ज्या छोट्या कंपन्यांना पूर्णवेळ अकाउंटंट परवडत नाही, त्यांचे महिन्याचे हिशेब मी पाच तारखेच्या आत बंद करून देतो' हे वाक्य ऐकल्यावर मात्र त्याला आपला एखादा मित्र आठवतो.

वाक्यात तीन गोष्टी हव्यात: कुणासाठी, कुठलं काम आणि ते झाल्यावर समोरच्याचं काय सुटतं. हे वाक्य पैसे देऊ शकतील अशा दहा-बारा ओळखीच्या लोकांना ऐकवा. 'छान कल्पना आहे' हा प्रतिसाद मोजू नका, तो शिष्टाचार असतो. 'किती घेतोस?' किंवा 'आमच्या अमक्याशी बोल' हे मोजा. या दोन्हीपैकी एकही वाक्य कानावर आलं नाही, तर बदल तुमच्या वाक्यात करायला हवा. अजून राजीनामा दिलेला नसल्यामुळे त्या बदलाची काही किंमत मोजावी लागत नाही.

पहिलं काम नोकरीत असतानाच

धाडस या गोष्टीचं आपल्याकडे फार कौतुक होतं, पण आकडे वेगळंच सांगतात. जोसेफ रॅफी आणि जी फेंग या संशोधकांनी २०१४ साली ॲकॅडमी ऑफ मॅनेजमेंट जर्नलमध्ये अमेरिकेतल्या स्वयंरोजगारितांचा अभ्यास मांडला. नोकरी सांभाळून व्यवसाय सुरू केलेल्या आणि नंतर त्यात पूर्णवेळ उतरलेल्या लोकांचा व्यवसाय बंद पडण्याची शक्यता, थेट उडी मारणाऱ्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी निघाली. जोखमीला बिचकणारी माणसं हा हळू रस्ता जास्त घेतात, असंही त्यांना दिसलं. म्हणजे भित्रेपणाने इथे काही बिघडत नाही. नायके ज्यातून उभी राहिली ती बूट आयात करणारी कंपनी फिल नाइट यांनी १९६४ मध्ये भागीदारीत काढली, पण १९६९ पर्यंत ते हिशेब तपासण्याची आणि नंतर महाविद्यालयात हिशेबशास्त्र शिकवण्याची नोकरी करतच होते.

संध्याकाळी किंवा शनिवारी करता येतील अशी दोन-तीन छोटी, पैसे घेऊन केलेली कामं पुरेशी आहेत. 'पैसे घेऊन' यावर जोर आहे. फुकट केलेल्या कामातून कौशल्य सिद्ध होतं, मागणी नाही. या कामांतून तीन आकडे मिळवायचे: काम मिळवायला किती वेळ गेला, करायला किती गेला आणि पैसे हातात यायला किती. पुढचं सगळं गणित या आकड्यांवर उभं राहतं.

मात्र त्याआधी नेमणूकपत्र आणि त्यासोबत सही केलेले सगळे कागद बाहेर काढा. ते शेवटचे कधी वाचले होते, हे बहुतेकांना आठवत नाही. त्यात चार गोष्टी शोधा.

पहिली म्हणजे नोकरी चालू असताना बाहेरचं काम करायला परवानगी आहे का. अनेक करारांत त्याला सरळ बंदी असते, काहींत लेखी परवानगीची अट असते. बंदी असेल तर लपूनछपून करू नका. परवानगी मागा किंवा तयारीपुरतं थांबा: नमुने तयार करा, ओळखी वाढवा, राखीव पैसा जमवा.

दुसरी गोष्ट, तुम्ही जे बनवता त्याची मालकी कुणाची. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचे हक्क बहुतेक देशांत मालकाकडे जातात आणि काही करार त्याहून पुढे जाऊन संबंधित क्षेत्रात तुम्ही घरी बनवलेल्या गोष्टींवरही दावा सांगतात. स्टीव्ह वॉझ्निअॅक ह्यूलेट-पॅकार्डमध्ये नोकरीला असताना त्यांनी ॲपलचा पहिला संगणक तयार केला, तेव्हा त्यांनी तो आधी आपल्याच कंपनीला देऊ केला. कंपनीने नको म्हटलं आणि मगच पुढचा रस्ता मोकळा झाला. तुमचं काम इतकं मोठं नसेल, पण सावधगिरी तीच. ऑफिसचा लॅपटॉप नको, ऑफिसचा ईमेल नको, ऑफिसची वेळ नको आणि ऑफिसच्या फायलीतला एक कागदही नको.

तिसरी, नोकरी सोडल्यावर त्याच क्षेत्रात काम करायला मनाई आहे का. हे कलम दिसतं तितकं सगळीकडे चालत नाही. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २७ नुसार धंद्यावर बंदी घालणारा करार रद्दबातल ठरतो, काही मोजके अपवाद सोडून. कॅलिफोर्नियातही अशी बंदी लागू करता येत नाही. जर्मनीत मात्र ती चालते, पण जास्तीत जास्त दोन वर्षं, आणि त्या काळात मालकाला शेवटच्या वेतनाची किमान निम्मी रक्कम द्यावी लागते. म्हणजे कलम वाचून लगेच घाबरू नका आणि कुणी 'ते नुसतं कागदावर असतं' म्हणालं म्हणून सोडूनही देऊ नका. तासभर वकिलाकडे जा.

चौथी, गोपनीयता. ग्राहकांची यादी, दरपत्रकं, अंतर्गत फायली यांवरचं बंधन नोकरी संपल्यावरही टिकतं आणि इथे न्यायालयं सहसा मालकाच्या बाजूने उभी राहतात.

दर काढायचा कसा

नोकरदार माणूस पहिला दर नेहमी चुकीचा सांगतो आणि तो नेहमी कमीच असतो. कारण तो पगाराला कामाच्या दिवसांनी भागतो. गणित करून पाहू. चलन कुठलंही धरा, आपण नुसते एकक घेऊ.

महिन्याचा पगार १०० एकक, म्हणजे वर्षाचे १,२००. वर्षात ५२ आठवडे, आठवड्याला पाच दिवस, म्हणून २६० दिवस. भागाकार येतो साडेचारच्या थोडा वर. 'मी दिवसाला पाच घेतो, नोकरीपेक्षा जास्तच झाले की!' असं म्हणून माणूस खूश होतो.

आता खरे दिवस मोजा. २६० मधून सार्वजनिक सुट्ट्यांचे १० वजा करा. स्वतःच्या रजेचे २०. आजारपण आणि घरच्या अडचणींचे १०. उरले २२०. त्यातले साठ टक्के दिवसच बिलावर येतात, बाकीचे काम शोधण्यात आणि कागदांत जातात. म्हणजे १३२. सुरुवातीच्या वर्षात हा आकडा शंभरच्या खालीही येतो.

मग खरी गरज मोजा. पगाराचे १,२०० हे अर्धंच चित्र आहे. मालक तुमच्या नावाने आणखीही खर्च करत होता: निवृत्तिनिधीतला त्याचा वाटा, आरोग्य विमा, भरपगारी रजा, खुर्ची, संगणक, सॉफ्टवेअर. अमेरिकेत हे करातच स्पष्ट दिसतं. सामाजिक सुरक्षा आणि मेडिकेअर (वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) यांपोटी नोकरदाराच्या पगारातून ७.६५ टक्के कापले जातात, तितकेच मालक भरतो. स्वतःचं काम करणाऱ्याला दोन्ही वाटे मिळून १५.३ टक्के स्वतःच भरावे लागतात. भारतात भविष्यनिर्वाह निधीत मालक जे १२ टक्के घालतो ते बंद होतात. तेव्हा निवृत्ती आणि विम्याचे १५० धरा, कामाच्या खर्चाचे १५०. एकूण १,५००.

१,५०० भागिले १३२, म्हणजे अकराच्या वर. साडेचार कुठे आणि अकरा कुठे! तुमचे आकडे वेगळे येतील, पण पगारावरून निघालेल्या दिवसाच्या दराच्या दोन ते अडीच पट हा टप्पा बहुतेकांच्या वाट्याला येतोच. हा दर ऐकून तुम्हालाच लाज वाटेल. वाटू द्या, पण तो सांगा.

बाजार हा दर देत नसेल तर? मग प्रामाणिकपणे तीनच वाटा आहेत. खर्च कमी करणं, जास्त पैसे देणाऱ्या ग्राहकांकडे वळणं, किंवा तासाऐवजी कामाची एकरकमी किंमत सांगणं. तिसरी वाट मला सगळ्यात चांगली वाटते. तासावर काम करणारा जितका कुशल होतो तितकं त्याचं बिल कमी होत जातं, हा उफराटा न्याय आहे. एकरकमी किंमत काढताना मात्र स्वतःच्या अंदाजावर विश्वास ठेवू नका. काम किती वेळ घेईल हे आपण सतत कमी धरतो आणि या सवयीवर डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच बोट ठेवलं होतं. सिडनीचं ऑपेरा हाउस १९६३ मध्ये सत्तर लाख ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये पुरं व्हायचं होतं, ते उघडलं १९७३ मध्ये, दहा कोटी वीस लाख खर्चून. तुमच्या कामाला दहापट लागणार नाही, पण अंदाजाला दीडने गुणून मगच किंमत सांगा.

आणखी एक गोष्ट. पहिल्या ग्राहकाला कमी दर द्यायचाच असेल तर बिलावर पूर्ण दर लिहा, खाली सवलत दाखवा आणि मग देय रक्कम. पुढच्या वेळी सवलत काढणं सोपं जातं, दर वाढवणं अवघड.

राखीव पैसा आणि अडीच महिन्यांची पोकळी

सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, हे सगळेच सांगतात. का ठेवायचा ते कमी लोक सांगतात. समजा सगळं सुरळीत झालं आणि पहिल्याच दिवशी काम सुरू झालं. महिनाअखेरीस बिल गेलं. बिलावर तीस दिवसांची मुदत लिहिली. पैसे आले पंचेचाळीसाव्या दिवशी, कारण ज्यांची सही लागते ते साहेब रजेवर होते. म्हणजे पहिला पैसा पंचाहत्तर दिवसांनी, अडीच महिन्यांनी. ही झाली चांगली परिस्थिती. काम मिळायलाच दोन महिने गेले तर साडेचार.

म्हणून माझा ठोकताळा असा. किमान एक ग्राहक नक्की असेल आणि तुमच्यावर कुणी अवलंबून नसेल तर सहा महिन्यांचा खर्च. घरात तुमच्याच कमाईवर चालणारी माणसं असतील किंवा कर्जाचे हप्ते असतील तर नऊ ते बारा. जोडीदाराची नियमित मिळकत असेल तर थोडं खाली आलं तरी चालेल, पण तो आकडा दोघांनी मिळून ठरवायचा, एकाने परस्पर नाही. खर्च म्हणजे पगार नव्हे. मागच्या सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट घेऊन प्रत्यक्ष काय गेलं ते मोजा आणि वर्षातून एकदा येणारे खर्च, म्हणजे विम्याचा हप्ता, शाळेची फी, गाडीची दुरुस्ती, बाराने भागून त्यात मिळवा. इथेच बहुतेकांचा आकडा फुगतो.

पगाराची स्लिप हातात असेपर्यंत उरकायची काही कामं आहेत. घरासाठी कर्ज घ्यायचं असेल किंवा क्रेडिट कार्ड हवं असेल तर आत्ताच अर्ज करा, कारण स्वतःचं काम करणाऱ्याकडे बँका सहसा दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागतात. (कर्ज काढून त्यावर व्यवसायाचे पहिले महिने काढायचा विचार असेल तर मात्र हा परिच्छेद विसरून जा.) कंपनीच्या विम्यावर विसंबून असाल तर स्वतःचा आरोग्य विमा नोकरी सुटायच्या आधी सुरू करा, कारण नव्या पॉलिसीत आधीच्या आजारांसाठी बऱ्याचदा थांबण्याचा काळ असतो. दात, डोळे, राहिलेली तपासणी, सगळं याच काळात करून घ्या.

मग राजीनामा

तारीख रागावरून ठरवू नका, तीन अटींवरून ठरवा. राखीव पैसा जमला आहे. किमान दोन ग्राहकांनी पैसे देऊन काम करून घेतलं आहे आणि त्यातला एक तरी पुन्हा आला आहे. बाहेरच्या कामाची मिळकत महिन्याच्या खर्चाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी झाली आहे, किंवा वेळ नसल्यामुळे कामं नाकारावी लागत आहेत. तिन्ही अटी कधीच एका दिवशी पूर्ण होणार नाहीत. पण पहिली पूर्ण नसेल तर थांबा.

तारखेचंही गणित असतं. बोनस कधी मिळतो, शिल्लक रजेचे पैसे मिळतात का, शेअर्स किंवा निवृत्तिलाभ कुठल्या दिवशी तुमच्या नावावर पक्के होतात, हे पाहा. भारतात कायम कर्मचाऱ्याला ग्रॅच्युइटीसाठी साधारणपणे सलग पाच वर्षांची सेवा लागते. चार वर्षं आणि काही महिन्यांवर असाल तर वकिलाला किंवा एचआरला विचारल्याशिवाय कागद टाकू नका.

राजीनाम्याच्या पत्रात कारणं लिहू नका, तक्रारी तर मुळीच नाहीत. दोन ओळी पुरतात: अमुक तारखेपासून राजीनामा देत आहे, नोटीसचा काळ पूर्ण करून काम सोपवून जाईन. हॅण्डओव्हर मात्र मन लावून करा. तुमची पहिली शिफारस कुणाकडून येईल ते सांगता येत नाही आणि जुनी कंपनीच पहिला ग्राहक झाली असं बऱ्याचदा घडतं. अनुभवपत्र, रिलिव्हिंग लेटर, कराची कागदपत्रं, निवृत्तिनिधीचे तपशील आणि शेवटचा हिशेब हे सगळं हातात घेऊनच बाहेर पडा. नंतर तिथे ओळखीचं कुणी उरलेलं नसतं.

जुनी कंपनी ग्राहक झाली तर एक धोका ओळखून राहा. रोज त्यांच्याच वेळेत, त्यांच्याच जागी, त्यांच्याच सूचनांप्रमाणे आणि फक्त त्यांचंच काम करत असाल, तर ती नोकरीच झाली, रजा आणि विमा वजा करून. करखात्यालाही तसं वाटू शकतं. ब्रिटनमध्ये अशाच छुप्या नोकऱ्यांसाठी २००० साली आयआर३५ नावाचे नियम आले. कायद्याचं सोडलं तरी व्यवहार म्हणून, एकाच ग्राहकाकडून निम्म्याहून जास्त मिळकत येत असेल तर तुमचा साहेब बदललाय, इतकंच.

कागद, खातं, कर

नोंदणी कुठली हवी ते देशावर आणि कामावर ठरतं. एकट्याने सेवा द्यायची असेल तर बहुतेक ठिकाणी एकल मालकी पुरते. ती स्वस्त आणि सोपी असते, पण धंद्याचं कर्ज किंवा नुकसानभरपाई तुमच्या खासगी मालमत्तेपर्यंत पोचू शकते. तुमच्या चुकीने ग्राहकाचं मोठं नुकसान होण्यासारखं काम असेल तर कंपनी आणि व्यावसायिक विमा या दोन्हींचा विचार करा.

पहिल्याच दिवशी वेगळं बँक खातं उघडा. सगळी मिळकत तिथे येऊ द्या आणि तिथून दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम घरच्या खात्यात पाठवा, पगारासारखी. चांगल्या महिन्यात ती रक्कम वाढवू नका.

पगारातून कर आपोआप कापला जायचा. आता तो तुम्ही बाजूला काढायचा, आणि वर्षअखेरीस एकदम नाही. भारतात आगाऊ कराचे हप्ते १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखांना असतात, अमेरिकेत एप्रिल, जून, सप्टेंबर आणि जानेवारीच्या १५ तारखेला, ब्रिटनमध्ये ३१ जानेवारी आणि ३१ जुलैला. आलेल्या प्रत्येक रकमेचा पाव हिस्सा तिसऱ्या खात्यात टाका आणि ते पैसे आपले नाहीतच असं समजा. नेमकं प्रमाण करसल्लागाराकडून घ्या. त्याची फी पहिल्या वर्षी तरी वसूल होते.

करार आणि वसुली

तोंडी ठरलेलं काम दोघांना दोन प्रकारे आठवतं. एक पानभर मजकूर पुरतो, ईमेलही चालेल, पण समोरून 'मान्य' असं लेखी उत्तर यायला हवं. त्यात काय काय देणार आणि काय नाही, किती वेळा दुरुस्त्या करून देणार, त्यापुढच्या दुरुस्तीचा दर, निम्मी रक्कम आगाऊ, उरलेली कधी, काम मध्येच थांबलं तर किती पैसे, आणि कामाचे हक्क पूर्ण पैसे मिळाल्यावरच ग्राहकाकडे जातील हे वाक्य. आगाऊ रक्कम मागताना संकोच वाटतो. पण आगाऊ द्यायला कां-कूं करणारा ग्राहक नंतर द्यायला जास्त करेल.

उशिरा पैसे देणाऱ्यांविरुद्ध कायदे आहेत आणि ते अनेकांना माहीतच नसतात. ब्रिटनमध्ये १९९८ च्या कायद्याप्रमाणे थकलेल्या बिलावर बँक ऑफ इंग्लंडच्या मूळ दरापेक्षा आठ टक्के जास्त व्याज लावता येतं. युरोपीय संघाचा २०११ चा नियमही त्याच धर्तीचा आहे. भारतात २००६ च्या सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म आणि लघू उद्योगांना जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. न्यूयॉर्क शहरात २०१७ पासून ८०० डॉलर किंवा त्याहून मोठ्या कामासाठी फ्रीलान्सरशी लेखी करार करणं बंधनकारक आहे.

व्याज प्रत्यक्ष लावायची वेळ क्वचितच येते. बिलावर त्याची एक ओळ छापलेली असली की हिशेब विभाग तुमचं बिल जरा वर ठेवतो. वसुलीचा क्रम ठरवून टाका म्हणजे दर वेळी मनाशी झगडा होत नाही. मुदतीच्या तीन दिवस आधी आठवण. मुदत टळल्याच्या दुसऱ्या दिवशी ईमेल. आठवड्याने फोन, आणि तोही काम देणाऱ्या व्यक्तीला न करता हिशेब विभागाला. दोन आठवड्यांनी चालू काम थांबवल्याची सूचना. ईमेलची भाषा कोरडी ठेवा:

'नमस्कार, बिल क्रमांक १४ ची मुदत काल संपली. रक्कम अजून जमा झालेली दिसत नाही. कोणत्या तारखेला जमा होईल ते कृपया कळवावं. बिलाची प्रत सोबत जोडली आहे.'

'त्रास देतोय त्याबद्दल क्षमस्व' हे वाक्य लिहायचा मोह होईल. ते काढून टाका. पैसे त्यांच्याकडे थकलेत.

पहिले सहा महिने

कामाचे दिवस भरगच्च असताना नवीन काम शोधणं बंद होतं आणि काम संपलं की दोन महिने कोरडे जातात. यावर उपाय एकच, कंटाळवाणा आणि खात्रीचा: आठवड्यातला अर्धा दिवस फक्त नव्या कामासाठी, कितीही गर्दी असली तरी. जुन्या ग्राहकांना दोन ओळी पाठवा, झालेलं काम कुठे तरी दाखवा, एखाद्याला भेटा. संपलेल्या प्रत्येक कामानंतर ग्राहकाला विचारा, 'तुमच्या ओळखीत असं काम कुणाला लागतं का?' सुरुवातीला बहुतेक कामं ओळखीतूनच येतात आणि ओळखीची माणसं न विचारता आठवण काढत नाहीत.

वेळेची नोंद ठेवा, निदान पहिले काही महिने. कुठला ग्राहक तासाला खरोखर किती देतो ते त्याशिवाय कळत नाही. सगळ्यात मोठं बिल देणारा ग्राहक फोन, मीटिंगा आणि दुरुस्त्या धरल्यावर सगळ्यात स्वस्त निघतो, असं बरेचदा होतं.

घरच्यांशी वेळेचं बोलून घ्या. दिवसभर घरात दिसणारा माणूस मोकळाच आहे अशी समजूत आपोआप होते. दार बंद म्हणजे ऑफिस, हे सांगावं लागतं, पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. एकटेपणाही येतो, विशेषतः दहा-बारा जणांच्या विभागातून आलेल्याला. त्याच क्षेत्रातल्या दोन-तीन स्वतंत्र काम करणाऱ्यांशी नियमित गाठ ठेवा. दर, लबाड ग्राहक आणि जास्तीचं काम या तिन्हींची देवाणघेवाण तिथेच होते.

परतीचा रस्ता आधीच आखून ठेवा

राखीव पैसा तीन महिन्यांच्या खर्चापर्यंत खाली आला की नोकरीसाठी अर्ज सुरू करायचे, ही रेघ राजीनाम्याच्या आधी आखा आणि घरच्यांना सांगून ठेवा. पैसे संपल्यावर नोकरी शोधणारा मिळेल त्या पगारावर हो म्हणतो; तीन महिने हातात असलेला घासाघीस करू शकतो. पूर्ण परतणं हा एकच पर्याय नसतो. अर्धवेळ नोकरी किंवा सहा महिन्यांचं कंत्राट घेऊन बाकीच्या वेळात स्वतःचे ग्राहक टिकवता येतात.

अर्ज करताना हा काळ बायोडाटावर रिकामा सोडू नका. व्यवसायाचं नाव, कालावधी, कुठल्या प्रकारच्या ग्राहकांसाठी काय केलं, हे नोकरीसारखंच लिहा. दोन ग्राहकांची नावं त्यांची परवानगी घेऊन संदर्भ म्हणून द्या. 'परत का येताय?' हा प्रश्न मुलाखतीत येणारच, त्याला एका वाक्यात खरं उत्तर द्या आणि लगेच त्या काळात शिकलेल्या एखाद्या ठोस कामावर या: कोटेशन, वसुली, ग्राहकाशी थेट बोलणं. जुने ग्राहक सोडायचे नसतील तर बाहेरच्या कामाची परवानगी नव्या नेमणूकपत्रावर सही करण्याआधी, लेखी मागा. सही झाल्यावर ती मिळणं कठीण जातं.